शोरूममध्ये नारळ फोडला तर चालतं का? एक समुपदेशन अनुभव

गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा दरवेळी वेगळा, कधी नागपूरच्या मिहानमध्ये आयटीत काम करणारी मुलगी, कधी शाळेतली टीचर, कधी बँकेतला क्लार्क, पण प्रश्न तोच. "ताई, ऑफिसमध्ये आरती असते, प्रसाद देतात, पूजेत हात लावायला लावतात, नाही म्हणलं तर सगळे तोंड वाकडं करतात आणि हो म्हणलं तर घरी आल्यावर मन खातं, ख्रिस्ती माणसाने करावं तरी काय?" यावर एक केस सांगते. ज्याची आहे त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीच्या आसपासचा मुलगा, टू-व्हीलरच्या एका मोठ्या शोरूममध्ये सेल्सला. घरी आई, बायको, लहान मुलगी. चर्चमध्ये संडे स्कूल शिकवतो, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला न चुकता देतो, आणि सेल्सच्या लाईनमध्ये रविवार म्हणजे गर्दीचा दिवस तरी उपासनेसाठी रविवारची सुट्टी मॅनेजरशी भांडून मिळवलेली. त्याला बायको घेऊन आली होती. म्हणे रात्री तीनला उठून बसतो, पोरीवर उगाच ओरडतो, जेवणात लक्ष नाही, आणि आता नोकरीच सोडायची म्हणतो.

कारण विचारलं तर दसरा. नागपुरात दसऱ्याला गाड्यांच्या डिलिव्हरीला नुसती रांग लागते, लोक महिनाभर आधी बुकिंग करून त्याच दिवशी गाडी उचलतात, आणि शोरूमवालेच हार, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ सगळं तयार ठेवतात. ज्याचं गिऱ्हाईक त्याने उभं राहून हे करून द्यायचं. याने नारळ फोडायला नकार दिला, तोही गिऱ्हाईकासमोर, मॅनेजर चिडला, सोबतची पोरं त्याला "पास्टर" म्हणून चिडवायला लागली. आणि आठवड्याच्या प्रार्थना सभेत एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं की ही जगाशी तडजोड आहे, असली नोकरी सोडून दे, देव पुरवेल. बायको मला म्हणाली, "देव पुरवेल हे मी पण मानते ताई, पण घराचा हप्ता पाच तारखेला कटते ना."

आधी मी एक गोष्ट तपासून घेतली, ती मी अशा प्रत्येक केसमध्ये तपासते. काही लोकांना पापाची भीती आजारासारखी धरते, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणावी लागते, एक शब्द चुकला की पहिल्यापासून सुरू, मनात आलेल्या साध्या विचाराची सुद्धा शंभरदा क्षमा मागायची. हा ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा, एक प्रकार असतो, त्याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात, आणि तिथे मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवावंच लागतं, नुसत्या वचनांनी आणि धीर देऊन ते बरं होत नाही, उलट धीर मागायची सवय वाढते. याचं तसं नव्हतं. याला एका ठिकाणी टोचत होतं आणि तो दुसरीकडे हात ठेवून दाखवत होता, पण हे मला पुढच्या भेटीत कळलं.

पहिल्या भेटीत आम्ही नारळावरच बोललो, कारण तो तेच घेऊन आला होता. हा प्रश्न नवा नाही हे मी त्याला दाखवलं. बायबलमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत अगदी हाच वाद होता, मूर्तीला वाहिलेलं मांस खायचं की नाही, आणि प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यावर भरपूर लिहिलंय. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते खा म्हणतो, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका म्हणतो, आणि त्याच पत्रात प्रत्यक्ष मूर्तिपूजेपासून दूर पळा असंही स्पष्ट म्हणतो. म्हणजे पदार्थ काय यापेक्षा माझ्या वागण्याने शेजारच्या माणसाचं काय होतं हे तो आधी बघतो. जुन्या करारात नामान आहे, अरामाचा सेनापती, कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला विचारतो की माझा राजा माझ्या हातावर टेकून त्याच्या देवाच्या, रिम्मोनाच्या, देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल का. अलीशा त्याला एवढंच म्हणतो, शांतीने जा. यावर आपल्या पाळकांमध्येही एकमत नाही, कोणी कडक आहेत कोणी मवाळ, आणि त्याच्या पाळकांशी बोलायला मी त्याला सांगितलंच. पण माझ्या मते नारळ स्वतःच्या हाताने न फोडण्याचा त्याचा निर्णय चुकीचा नव्हता, चुकीची होती वेळ. बाबेलमध्ये दानिएलाने राजाचं अन्न नाकारलं तेव्हा ताट भिरकावलं नाही, अधिकाऱ्याकडे जाऊन विनंती केली, दहा दिवस बघा म्हणून पर्याय दिला. याने मात्र ऐन डिलिव्हरीच्या वेळी, हारफुलं घालून नटून आलेल्या एका कुटुंबासमोर हात झटकले होते.

मग त्याने मॅनेजरला आधीच, शांतपणे जाऊन सांगितलं की गाडी मी पुसून चकाचक करीन, कागदं समजावीन, चावी मी देईन, पेढे मी वाटीन, नारळ तेवढा दुसऱ्या पोराकडून घ्या. मॅनेजर म्हणाला, "हाव ना बाबा, कोणी का फोडेना, तू आपलं टार्गेट पाय." दोन मिनिटांत मिटलं. प्रश्न मिटला आणि झोप मात्र आली नाही.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, तीनला जाग येते तेव्हा डोळ्यासमोर काय येतं? बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, एक काकू.

मेस चालवणाऱ्या बाई होत्या त्या, डबे पोचवायला स्कूटर घ्यायला आलेल्या. डाऊन पेमेंट प्लास्टिकच्या पिशवीत, नोटा रबर लावून. बोलता बोलता त्याच्या गळ्यातला क्रॉस त्यांना दिसला, तशा एकदम मोकळ्या झाल्या, "माह्या दोन्ही पोरी मूर मेमोरियल दवाखान्यामधी झाल्या, तुमच्या त्या सिस्टर लोकायनं लई केलं माह्यं, तू सांगशीन तिथं मी सही करतो." आणि याने त्यांना जे रोज सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. इन्शुरन्स इथूनच घ्यावा लागतो काकू, नियम आहे. व्याज नऊ टक्के.

आता ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, काढावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने, हे खरं. पण तो शोरूममधूनच काढला पाहिजे असा काही नियम नाही. गाडी कर्जावर असली की फायनान्सवाले पूर्ण कव्हर मागतात, तरी कंपनी कोणती हे गिऱ्हाईकच ठरवू शकतं आणि गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता कंपनीगणिक कमी-जास्त असतो. शोरूमला मात्र प्रत्येक पॉलिसीमागे पैसे सुटतात आणि त्यातले थोडे सेल्सच्या पोराला. व्याजाचं पण तसंच. ऐंशी हजारांचं कर्ज तीन वर्षांसाठी फ्लॅट नऊ टक्क्यांनी घेतलं तर व्याज होतं एकवीस हजार सहाशे, कारण तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पूर्ण ऐंशी हजारावरच लागत राहतं. शिल्लक रकमेवर हिशोब केला तर हाच दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. हे लोकांना कळावं म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा सगळ्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यायला लावलंय, त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो.

"मग ते पान काकूंनी वाचलं नाही का?" मी विचारलं. त्याने माझ्या टेबलावरची वही ओढली आणि करून दाखवलं. डाव्या हाताचा पंजा पानाच्या वरच्या भागावर सपाट ठेवायचा, जणू पान उडू नये म्हणून, उजव्या हाताने पेन द्यायचा आणि बोट सहीच्या रेघेवर, "इथं काकू, आणि इथं." दर पंजाखाली जातो. हे त्याला सिनियरने शिकवलं होतं आणि आता त्याचं त्यालाही लक्षात येत नव्हतं इतकं हातात बसलं होतं. करून दाखवताना मात्र त्याचा हात थरथरत होता.

मला इथे जे म्हणायचंय ते हे की आपल्याकडे श्रद्धेची सगळी राखण दिसणाऱ्या गोष्टींभोवती चालते. प्रसाद घेतला का, टिळा लावू दिला का, पार्टीत ग्लास धरला का, गरब्याला गेली का. मी या गोष्टी क्षुल्लक म्हणत नाही, ज्याचा विवेक जिथे अडतो तिथे त्याने थांबावंच. पण या मुलाने रविवारसाठी भांडण केलं, नारळासाठी टोमणे खाल्ले, आणि ज्या दिवशी एका बाईने येशूच्या नावावर त्याच्यावर विश्वास टाकला त्या दिवशी त्याला अडल्यासारखं वाटलंच नाही, कारण इन्शुरन्सचा फॉर्म हा कोणी त्याला कधी श्रद्धेचा विषय म्हणून सांगितलाच नव्हता. ना प्रवचनात, ना प्रार्थना सभेत, ना घरी. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, हे तर तो संडे स्कूलमध्ये पोरांकडून पाठ करून घेत होता.

आणि त्या काकूंचा विश्वास त्याने कमावलेलाही नव्हता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्कासुद्धा भरत नाहीत, म्हणजे कितीतरी लोकांच्या ओळखीतला ख्रिस्ती माणूस म्हणजे एखादी नर्स, एखादे सर, एखादे फादर, बस. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला तेव्हापासून शाळेत, कॉलेजात, दवाखान्यात किती जणांनी आयुष्य घातलं तेव्हा सीताबर्डीवरच्या बाईला क्रॉस दिसला की हायसं वाटतं. ती त्या सगळ्यांची ठेव होती आणि याने ती एका सहीसाठी मोडली. मी हे त्याला याच शब्दांत सांगितलं. रडला. बायकोला हे पहिल्यांदाच कळत होतं, ती काही बोलली नाही, फक्त पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

नोकरी सोडायचीच म्हणून तो परत उसळला, यावेळी कारण वेगळं. तेव्हा मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकातदार म्हणजे त्या काळी लोकांच्या शिव्या खाणारी जात, सरळ म्हणू शकला असता की सोडा हा धंदा. तो म्हणतो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनाही तेच, कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना. म्हणजे त्याच टेबलावर बसायचं, आणि हात पानावरून काढायचा.

म्हणायला सोपं आहे. इन्सेंटिव्ह त्याच्या महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा होता. म्हणून तिसऱ्या भेटीत आम्ही वचनं बाजूला ठेवून कागद-पेन घेतलं आणि नवरा-बायको दोघांनी मिळून खर्च मांडला, हप्ता, मुलीची फी, आईची बीपीची औषधं, गावाला पाठवायचे पैसे. खरं बोलायला घरात किती महिन्यांची जागा आहे हे माहीत नसेल तर पहिल्या टार्गेटलाच माणूस परत खोटं बोलतो, हे मी बरेचदा पाहिलंय. बायकोने स्वतःहून शिवणाचं मशीन परत काढायचं म्हणलं, वर हेही सांगितलं की "मी हे करते पण मग घरी ओरडायचं नाही, महिना टाईट गेला की मला ऐकवायचं नाही." ही अट मला फार शहाणपणाची वाटली, कारण चांगुलपणाचा खर्च एकट्या बायकोने भरायचा असं खूप घरांत होतं.

गिऱ्हाईकाला बोलायचं वाक्यही आम्ही पाठ केलं, अक्षरशः मी गिऱ्हाईक झाले. "विमा तुम्ही बाहेरूनही काढू शकता, आमच्याकडे एवढ्यात बसतो, बघून सांगा. आणि सही करायच्या आधी या पानावरचा दर वाचा." पहिल्यांदा म्हणताना आवाजच निघेना.

पुढे काय झालं ते सांगते. पॉलिसी कमी झाल्या, मॅनेजरने बोलावून झापलं, बढती दुसऱ्याला गेली. काही गिऱ्हाईकं तरीही त्याच्याकडूनच विमा घेतात, एका जागी काम होतं म्हणून. सोबतच्या पोरांपैकी एक जण घरच्यांसाठी गाडी घ्यायची होती तेव्हा याच्याकडेच कागद दाखवायला आला. झोप हळूहळू बरी झाली, सगळी नाही.

काकूंकडे जायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. माफ करतील, डोक्यावर हात ठेवतील असं मनात धरून जाऊ नको, हे मी आधीच बजावलं होतं. गेला तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. ऐकून घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं, "मंग तवाच काऊन नाई सांगतलं? आता सांगून माह्ये पैसे वापस येते का?" ते बरोबरच होतं. थर्ड पार्टीचा भाग पाच वर्षांसाठी बांधलेला, पण नुकसानीचा विमा एका वर्षाचा होता, तो रिन्यू करताना दुसऱ्या कंपन्यांचे दर काढून देतो म्हणाला, फरकाची रक्कम स्वतःच्या खिशातून पुढे केली. पैसे त्यांनी घेतले. घ्यायलाच पाहिजे होते असं माझं मत आहे.

प्रार्थना सभेतल्या त्या वडीलधाऱ्यांना अजूनही वाटतं की त्याने नोकरी सोडायला हवी होती, आणि त्या दोघांत यावर अजून वाद चालतो.

तुमचाही असाच प्रश्न असेल आणि कोणा समुपदेशकाकडे किंवा पाळकांकडे जाणार असाल तर नुसता प्रसाद-नारळाचा प्रश्न घेऊन जाऊ नका. दिवसभर टेबलावर हातांनी काय काय करता ते एका कागदावर लिहून न्या, महिन्याचा खर्च लिहून न्या, आणि जमलं तर नवऱ्याला किंवा बायकोला सोबत न्या.