ड्युटीवर कळलेलं घरी सांगायचं का?

परिचारिकांशी बोलताना एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येतो: ‘वॉर्डात कळलेली गोष्ट आपल्याच माणसाच्या भल्याची असेल, तर ती सांगितली तर काय बिघडलं?’ लहान गावात काम करणाऱ्या सिस्टरला तर हा प्रश्न चुकतच नाही. पेशंट ओळखीचा असतो, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीचा.

वर्षा (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) विदर्भातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात स्टाफ नर्स. माझ्याकडे आली तेव्हा दोन रात्री झोपली नव्हती. पुरुष वॉर्डात तापाने एक तरुण दाखल झाला होता. रात्री आठच्या गोळ्या द्यायला ती गेली, तेव्हा त्याने शेजारच्या खाटेकडे एकदा बघितलं, उशीखालून पांढरी बाटली अर्धवट बाहेर काढली आणि हळूच विचारलं, “सिस्टर, ही पण चालू ठेवायची ना?” एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांची बाटली. “हो, एकही दिवस चुकवू नका,” असं सांगून ती पुढच्या खाटेकडे गेली. तिच्यासाठी विषय तिथेच संपला होता.

तीन आठवड्यांनी मावशीने मोबाइलवर एक बायोडेटा पाठवला. मावसबहिणीसाठी स्थळ. फोटो त्याच तरुणाचा.

“मॅडम, मी फक्त एवढंच लिहिलं होतं की घाई करू नका. पाठवायच्या आधी पुसलं. पण आता वाटतंय, पाठवायला हवं होतं. उद्या काही झालं तर मी बहिणीला तोंड कसं दाखवू?”

मी तिला विचारलं, मावशीने ‘का गं?’ म्हटलं असतं तर? ती गप्प बसली. मावशीला भाची कुठे नोकरी करते ते माहीत आहे. इशाराही सांगण्यातच जमा होतो. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट दोन घरांत आणि आठवड्यात गावभर झाली असती.

मग तिने दुसरी वाट काढली. “लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या, एवढं तर सांगू शकते? आपल्याकडे सिकलसेलचा आनुवंशिक आजार आहेच की.”

“आधीची दोन स्थळं आली, तेव्हा सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग आत्ताच का सुचलं?”

या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ अडलो. सल्ला चांगलाच आहे, घरातल्या प्रत्येक लग्नाला तो द्यावा, असंच माझं मत. पण त्याची प्रेरणा त्या उशीखालच्या बाटलीतून आली होती, हेही खरं. माझंही मन या बाबतीत अजून पूर्ण स्वच्छ झालेलं नाही.

वर्षाला आठवत होती ती शपथ. नर्सिंग शाळेत हातात पेटता दिवा घेऊन ती म्हटली जाते. नाइटिंगेलच्या नावाची ही शपथ 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिहिली गेली. तिच्या मूळ मजकुरात रुग्णाच्या खासगी गोष्टींबरोबर त्याच्या घरच्या गोष्टीही गुप्त ठेवण्याचं वचन आहे.

वॉर्डातल्या एका सहकाऱ्याने मात्र तिला सांगितलं होतं, की सुप्रीम कोर्टाने अशा वेळी सांगायला परवानगी दिली आहे. हे अर्धंच खरं आहे. 1998 च्या एका निकालात, नियोजित वधूच्या जिवाचा धोका लक्षात घेऊन, रुग्णालयाने माहिती उघड केल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी धरलं नव्हतं. त्याच निकालात एचआयव्हीबाधितांच्या लग्नाच्या हक्काबद्दल जे शेरे होते, ते गरजेचे नव्हते असं 2002 मध्ये मोठ्या खंडपीठाने म्हटलं. त्यानंतर 2017 चा एचआयव्ही कायदा आला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. जोडीदाराला कळवण्याची वाट त्यात आहे, पण ती फक्त उपचार करणारे डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यासाठी, आणि तीही अटी घालून: आधी रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन, तो सांगणार नाही याची खात्री, आणि ‘आम्ही सांगणार आहोत’ याची त्याला पूर्वसूचना. मावशीच्या मोबाइलवरचा मेसेज यात कुठेच बसत नाही.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. ती तिला नर्स म्हणून ठाऊक होती, पण बहीण म्हणून भीतीने झाकली गेली होती. गोळ्या नियमित चालू असतील आणि रक्तातलं विषाणूंचं प्रमाण तपासणीत न दिसण्याइतकं खाली टिकून असेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. मुलंही निरोगी होऊ शकतात. तरी होणाऱ्या बायकोला हे लग्नाआधी कळायलाच हवं, आणि ते त्याच्या तोंडून कळायला हवं.

वर्षा रुग्णालयातल्या एआरटी समुपदेशकांना भेटली. ‘या पेशंटच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, पुढच्या भेटीत त्यांच्याशी बोला,’ एवढंच सांगितलं. मुलगी कोण, हे त्यांनाही सांगितलं नाही. उपचार करणाऱ्यांपुरतीच ती गोष्ट राहिली. पुढे काय बोलणं झालं, ते तिने विचारलं नाही. मला तिचं कौतुक वाटलं, कारण विचारणं सोपं होतं. दोघींचं टेबल एकाच व्हरांड्यात आहे.

महिनाभराने ती परत आली. मुलाकडूनच नकार आला होता, कारण न देता. मावशी भडकली होती: “एवढा कसला शिष्टपणा! आमच्या मुलीत काय कमी होतं?” घरभर त्या मुलाचा उद्धार चालला होता आणि वर्षा स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकत होती.

“मॅडम, तोंडापर्यंत आलं होतं. म्हणावंसं वाटलं, तो वाईट नाही गं.”

“मग?”

“मग काय, मेथी निवडून झाली होती, धुवायला घेतली.”