गाता येत नाही, पण काम म्युझिकमध्येच करायचंय

प्रश्न: ताई, मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि म्युझिक इंडस्ट्रीत इंटर्नशिप शोधतोय. युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर तिघांना मेल टाकून झाले, उत्तर शून्य. गाता येत नाही, कीबोर्ड जेमतेम, ओळखीचं कुणी नाही. माझ्या दोन चाली आहेत, त्या मेलबरोबर पाठवल्या तर इम्प्रेशन पडेल का?
– एक बेसूर वाचक

उत्तर: अरे, गायला कोण सांगतंय तुला! पण तुझ्या मेलमध्ये 'मला लहानपणापासून संगीताची आवड आहे' हे वाक्य असणार, मी पैज लावते. ते सगळेच लिहितात रे, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की ह्याला बसवायचा कुठे, मग मेल राहतो तसाच पडून.

तू कॉमर्सचा आहेस ना, मग रॉयल्टीच्या बाजूने घुस. बघ, एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, शब्द आणि चालीचा एक (तो पब्लिशर बघतो) आणि रेकॉर्डिंगचा दुसरा (तो बहुतेक वेळा लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे असतो), दोन्हीचे पैसे वेगवेगळ्या वाटेने येतात आणि ते बरोबर माणसापर्यंत पोचायला गीतकार कोण, संगीतकार कोण, कुणाचा हिस्सा किती, हे सगळं (ह्यालाच मेटाडेटा म्हणतात) नीट भरलेलं लागतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकांचा कोड असतो, तेच गाणं दुसऱ्याने गाऊन रेकॉर्ड केलं की कोड नवा, पण मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळा कोड मात्र तोच राहतो. नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारे पडलं तरी पैसे अडकू शकतात. हे काम किचकट आहे, ग्लॅमर शून्य, म्हणूनच त्याला हौशी लोकांची रांग नसते.

आता एक कर. एखादा छोटा कलाकार निवड, त्याची दहाएक गाणी वेगवेगळ्या ॲप्सवर उघड, क्रेडिट्स ताडून बघ आणि कुठे संगीतकाराचं नावच नाही, कुठे गीतकार गायब, ते एका शीटमध्ये उतरव. ही शीट म्हणजेच तुझा बायोडेटा समज, खरंच.

पाठवायची कुठे? तीन मोठ्यांकडे ढिगाने अर्ज जातात, ते राहू देत बाजूला. छोटी लेबलं, कलाकारांचं मॅनेजमेंट बघणाऱ्या कंपन्या, गाणी ॲप्सवर पोचवणारे डिस्ट्रिब्युटर, पब्लिशर, इथे माणसं कमी असतात म्हणून इंटर्नलाही खरं काम मिळतं. उदाहरणार्थ, स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं पिच करायचं तर ते रिलीजच्या आधीच करावं लागतं, आणि निदान 7 दिवस आधी केलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडार नावाच्या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही ते जातं, असल्या तारखा सांभाळणारं कुणीतरी लागतंच.

चाली पाठवू नकोस. समोरच्याला वाटतं हा इंटर्नशिपच्या दाराने गायक-संगीतकार व्हायला आलाय, आणि आत गेल्यावर रिलीज न झालेली गाणी तुझ्या हाताखालून जाणार असतात, तिथे त्यांना गप्प बसणारा माणूस हवा असतो.

इंटर्नशिप देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ पळ काढ. बिनपगारी असेल तर तास किती आणि शिकायला काय मिळणार, हे आधी लेखी घे.

मेल सहा-सात ओळींचा, नाव शोधून त्या माणसालाच, शीटची लिंक आत, आठवड्याने एकदाच आठवण. आणि सब्जेक्टमध्ये नुसतं 'इंटर्नशिप' नको, 'रॉयल्टी आणि मेटाडेटासाठी इंटर्न, आठवड्याला 20 तास' असं लिही.