लेकरू काचेत ठेवलंय, आम्ही बाहेर बसून काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ३१ आठवड्यांत सिझर झालं, लेकरू १ किलो ३०० ग्रॅमचं. जिल्हा रुग्णालयात काचेच्या पेटीत आहे, नाकातल्या नळीनं श्वासाला आधार दिलाय. बाळंतीण वॉर्डात, बाप आणि आजी बाहेर बाकड्यावर.

पहिलं म्हणजे बाकड्यावरून उठा. सलाईन, ऑक्सिजन, औषध आतली माणसं बघतात. आईचं दूध आणि आईबापाची उघडी छाती मात्र त्यांच्याकडे नाही, आणि एवढ्या लहान लेकराला या दोन्हींचा औषधाइतकाच उपयोग असतो.

दुधाचं आजच सुरू करा. "अजून दूध उतरलं नाही" म्हणून थांबलात तर ते उशिरा उतरतं आणि कमी पडतं. लेकरू ओढत नाही तेव्हा पिळण्यानंच शरीराला दूध करायचा इशारा मिळतो. शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरुवात व्हावी, वेळ गेली असेल तर आत्ता. टाके असले तरी पडल्या पडल्या जमतं, सिस्टर दाखवतात. दर दोन-तीन तासांनी, चोवीस तासांत किमान आठ वेळा, आणि त्यात रात्रीची पाळी चुकवायची नाही. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या जरा मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेनं दाबायचं, मग चिमटीत दाबून सोडायचं. बोटं कातडीवर घासली किंवा स्तनाग्र ओढलं तर नुसतं दुखतं, दूध येत नाही. एक बाजू तीन-पाच मिनिटं, मग दुसरी, परत पहिली, असं वीस-तीस मिनिटं. पहिले दोन दिवस घट्ट पिवळा चीक थेंब थेंबच येतो. दोन मिली आला तरी आत पाठवा. या वजनाच्या लेकराची सुरुवातीची एक पाळी जवळपास तेवढीच असते.

झाकणाची स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळून घ्या, वर आईचं नाव आणि वेळ लिहा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दूध वॉर्डात ठेवू नका, पिळलं की लगेच आत द्या. फ्रिजमध्ये ठेवलं तर चोवीस तासांत वापरायचं. उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरली की पुरे.

"शेळीचं दूध हलकं असतं" हा सल्ला बाकड्यावर हमखास मिळतो. ऐकू नका. अपुऱ्या दिवसांच्या लेकराची आतडी कच्ची असतात. वरच्या दुधानं, डब्याच्या पावडरीनंसुद्धा, आतडं सुजून सडण्याचा धोका वाढतो. आईचं दूध खरंच कमी पडलं तर काय द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांनी बसतो. तोवर आधी पोटात घातलेल्या नळीनं, मग बोंडल्यानं दूध, आणि त्यानंतर छाती. घाईनं पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं.

दुसरी गोष्ट कांगारू पद्धत, म्हणजे लेकराला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं. नळी लावली असली तरी लेकरू स्थिर असेल तर जमू शकतं, म्हणून "कांगारू कधीपासून द्यायचं?" हे आजच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये दिवसाला ८ ते २४ तास सांगितलेत. एका बैठकीला किमान तास तरी हवा, कारण पेटीतून काढण्या-ठेवण्यातच लेकराची ताकद जाते. टोपी, मोजे, लंगोट एवढंच घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला, मान किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो. नजर तिथंच ठेवा, मोबाइलवर नको. पाठ अर्धवट टेकून बसा. बाप आणि आजीही देऊ शकतात, फक्त आंघोळ केलेली हवी. बिडी ओढून किंवा तंबाखू खाऊन आलेल्यानं जवळ जाऊ नये. हात कोपरापर्यंत धुवायचे म्हणजे अंगठी, घड्याळ आणि हिरवा चुडासुद्धा काढायचा. चुड्याखाली जंतू राहतात. आज्जींनी सव्वा महिन्याचा नियम इथं बाजूला ठेवून सुनेला चाकाच्या खुर्चीवरून आत न्यावं.

डॉक्टरांना "कसंय?" विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: आज ऑक्सिजन किती टक्के, श्वास किती वेळा थांबला, दूध किती मिली जिरलं, पोट फुगलंय का, वजन किती. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी थोडं जास्तही उतरतं. दोन आठवड्यांत भरून येतं आणि पुढं रोज किलोमागे पंधरा-वीस ग्रॅम वाढतं. वीस सेकंदांहून जास्त श्वास थांबण्याच्या त्रासावर कॅफीन देतात. हो, कॉफीतलंच.

सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खासगीत जावं लागलंच तर रेशनकार्ड, आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा.

आता डोळ्यांची तपासणी, कारण चुकते ती हीच. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक लेकराचा पडदा तिसाव्या दिवसापर्यंत तपासायचा. वरून डोळे छान दिसतात, आत पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढत असू शकतात. वेळेत सापडलं तर लेझरनं नजर वाचते, पण ते दोन-तीन दिवसांत करावं लागतं. एकदा "ठीक" म्हटलं तरी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा परत जायचं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार असाल तर तारीख कागदावर घ्या आणि मुकादमाला आधीच सांगून ठेवा. फडावर गेलेलं लेकरू तपासणीला परत आणणं फार अवघड जातं. कानांची तपासणीही त्याच सुमारास करा.

घरी गेल्यावर अडीच किलोपर्यंत कांगारू चालू ठेवा. घुटी, मध, धुरी, नाकात तेल काहीही नको. पत्र्याचं घर दुपारी तापतं, तेव्हा जास्त गुंडाळू नका. रोज पोट आणि तळपाय हातानं बघा: पोट गरम आणि पाय गार असतील तर लगेच छातीशी घ्या, दोन्ही गार असतील किंवा लेकरू पीत नसेल, श्वास मिनिटाला साठच्या वर असेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत छातीशीच धरा. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या. मान धरणं, बसणं मात्र डॉक्टरांनी बाळंतपणाची म्हणून आधी दिलेल्या तारखेपासून मोजायचं.