सतरंज्या मोजून घ्या

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला आहे. यंदाच्या शालेय मंत्रिमंडळात मी मुख्यमंत्री होते. पुढच्या आठवड्यात आमचा निरोप समारंभ आहे. सरांनी मला ‘शाळेने मला काय शिकवले’ यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मोबाईलवर भाषणं शोधली. सगळ्यांत नेतृत्व, शिस्त, वेळेचं महत्त्व आणि शेवटी ‘शब्द अपुरे पडतात’. खरं सांगू का? मी वर्षभर परिपाठाच्या रांगा लावल्या आणि मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्याजवळ उभी राहून ताटं मोजली. बाकी काही नाही. उलट दोन मैत्रिणी तुटल्या. एकदा खिचडी उरली, त्यांनी मागितली, तर मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आठवीपर्यंतच आहे, दहावीला नाही.’ तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. भाषणात काय सांगू? आणि माझ्या जागी नववीतली मुलगी येणार आहे, तिला काय सांगू?

उत्तर : पोरी, ज्याला शब्द अपुरे पडतात त्याला पाच मिनिटं द्यायची तरी कशाला? मुख्याध्यापिका असताना निरोपाची भाषणं मी ढिगाने ऐकली. टेबलावर हार-नारळ, कोपऱ्यात भेळेचे पुडे, माइकवर रडवेला आवाज आणि पोरांची नजर पुड्यांवर. एक भाषण आठवेल तर शपथ.

तुझ्या पत्रात मात्र एक गोष्ट आहे, ती मोबाईलवर सापडायची नाही. तूच ती ‘बाकी काही नाही’ म्हणून उडवून लावलीस. अगं, पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे, हा हिशेब मी नोकरीत इतकी वर्षं घातला की झोपेतून उठवलं तरी सांगेन. नववी-दहावीच्या नावावर एक दाणा येत नाही. म्हणजे सकाळी चहा-भाकरी खाऊन घरून निघालेली पंधरा वर्षांची पोर रोज दुपारी वाफाळत्या पातेल्याजवळ उभी राहते, दुसऱ्यांची ताटं मोजते आणि मग आपला गार डबा उघडते. वर्षभर! याच्यावर बोल. तिथे उभं राहून तुला काय दिसलं ते आठव. दुसऱ्यांदा ताट घेऊन कोण येतं? लाजून येत नाही ते कोण? भावासाठी डब्यात कोण घेऊन जातं? सोमवारी पातेलं लवकर रिकामं होतं, हे मला एका स्वयंपाकीण बाईने सांगितलं होतं. रविवारच्या सुट्टीचा हिशेब पोरांच्या पोटात असतो. मी तोवर फक्त रजिस्टर बघत होते.

आता मैत्रिणींचं. नियम तू बरोबर सांगितलास, तरीही माझ्या मते चूक तुझीच. त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. सहावीच्या चिल्ल्यापिल्ल्यांसमोर दहावीच्या पोरींना ‘तुम्हाला नाही’ म्हटलं की ते खिचडीपुरतं राहत नाही. त्यांना तेव्हा भूक होती की गंमत, हे तरी तू विचारलंस का? तर समारंभाच्या आधी त्यांच्या घरी जा. दोघींकडे वेगवेगळी जा, ओट्यावर बस, काय बोलायचं ते बोल. कृपा करून स्टेजवरून माफी मागू नकोस. पहिल्यांदा तीस जणांसमोर झालं, आता तीनशे जणांसमोर होईल.

तू काय शिकलीस ते तूच बोल. मी काय शिकले ते सांगते, कारण ते मी आजवर कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही.

मी १९७९ सालची दहावी. पांझरेकाठचं गाव, कौलारू शाळा. तेव्हा मुख्यमंत्री-बिख्यमंत्री नव्हते, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणायचे. गॅदरिंगसाठी भजनी मंडळाकडून सतरंज्या आणल्या होत्या. मंडळाच्या माणसाने वही पुढे केली, ‘बावीस’ लिहिलेलं होतं, मी ऐटीत सही ठोकली. आयुष्यातली पहिली सही ती. परत करताना वीसच भरल्या. मी रडकुंडीला येऊन आमच्या शिपाईमामांकडे गेले, तर ते घंटेचा टोल पुसत म्हणाले, ‘माले काय इचारस? सही तुनी शे.’ दोन सतरंज्यांचे पैसे वडिलांनी कपाशीच्या पट्टीतून दिले. त्या आल्याच वीस होत्या की आमच्याकडून दोन गेल्या, हे मला अजून माहीत नाही. वडील काही बोलले नाहीत. आई मात्र पुढची चार वर्षं कुठेही बसायला सतरंजी दिसली की मोजायची, मोठ्याने.

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. दुसरी तशी नाही.

शाळेच्या कामांची यादी करणं प्रतिनिधीकडे असायचं. झाडणं, पाणी भरणं, फळा पुसणं, घंटा. पाणी म्हणजे आडावरून कळशीने आणून व्हरांड्यातला रांजण भरायचा. मी यादी केली. म्हणजे काय केलं, तर आधीच्या वर्षीची वही उघडली आणि नावं बदलून नवी उतरवली. सुवाच्य अक्षरात, लाल रेघा मारून. सरांनी शाबासकी दिली. पंधरा दिवसांनी भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, एक पोर माझ्याजवळ आली. हुशार होती, गणितात माझ्या पुढे. तिने सरळ विचारलं, ‘आम्हाला पाणी कधी?’ मला आधी कळलंच नाही. मग वही बघितली. भिलाटीतल्या आणि बौद्धवाड्यातल्या सगळ्या पोरी झाडण्याच्या रकान्यात. रांजणाच्या रकान्यात एकही नाही. आधीच्या वर्षीही नाही, त्याच्या आधीही नाही. कोणी तसा नियम लिहिलेला नव्हता. प्रत्येकीने आधीची वही बघून उतरवलं होतं, तसंच मीही.

आता खरी लाज वाटण्याची बाब. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने दैनिक लिहायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. मी त्या दिवशी भाषण केलं ते मे १९४७ मधल्या पंढरपूरच्या उपोषणावर, विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावले त्यावर. आवाज चढवून, हात उंचावून. पहिला नंबर आला, कंपास बक्षीस मिळाली. माझ्या पाठीमागे भिंतीवर ती लाल रेघांची यादी टांगलेली होती. समोर ती पोर बसली होती. टाळ्या वाजवत होती की नाही, ते मी बघितलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी यादी बदलली, असं लिहायला मला किती आवडलं असतं. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, ‘आहे तसं चालू दे, तुझी दहावी आहे.’ मी चालू दिलं. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि जाताना ती वही, नीट कव्हर घालून, नववीतल्या पोरीच्या हातात दिली. तिनेही उतरवलीच असणार. ती भिलाटीतली पोर पुढे शिकली की नाही, मी कधी चौकशी केली नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मी कामाच्या याद्या स्वतः, कोऱ्या कागदावर करायला घेतल्या, तेव्हा बाकीचे शिक्षक म्हणायचे, बाईंना हौस फार.

तेव्हा नववीतल्या मुलीला उपदेश करू नकोस. तिच्यासोबत अर्धा तास बस आणि चार्ज दे. कुठली किल्ली कुठे, माइकची वायर कुठे तुटते, पातेल्याजवळ कोण लाजतं, कोणाच्या गावाची एसटी उशिरा येते म्हणून परिपाठाला कोणाला ओरडायचं नाही. आणि तुझ्या वह्या-याद्या तिला देऊच नकोस. मागेल, तरी देऊ नकोस. तिला वर्गात पाठव, हजेरी घेऊन बस म्हणावं, नव्याने कर.

भाषणाची सुरुवात मात्र सांगते, शेवट तू बघ. ‘मी वर्षभर खिचडीजवळ उभी राहिले आणि एक घासही खाल्ला नाही’, असं म्हण आणि तीन आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. पोरं हसतील. हसू दे. मग सोमवारचं सांग. आपल्या भागात भाषण म्हटलं की नंदुरबारच्या शिरीषकुमारपासून सुरुवात करायची पद्धत आहे. ९ सप्टेंबर १९४२ला हातात झेंडा घेऊन गोळ्या झेलणारं ते पोर तुझ्याच वयाचं होतं. त्याला पाच मिनिटांच्या भाषणाला टेकू म्हणून उभं करू नकोस. कागद हातात धरलास तर चालेल, थरथरला तरी चालेल.

आणि हो, समारंभाला सतरंज्या कोणाकडून आणताय? आदल्या दिवशी आण, उजेड असताना. अंगणात एकेक उलगडून मोज, कोपऱ्यावर कोणाचं नाव शिवलंय ते बघ, फाटक्या वेगळ्या लिही. वहीवर सही त्यानंतर कर.