थॅलेट मोजण्याआधी

गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाजवळच्या तिसऱ्यांमध्ये (खाण्याच्या शिंपल्यांमध्ये) थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायने, शोधायला निघाला आहात, तर आधी ते आपल्याच प्रयोगशाळेतून नमुन्यात शिरत नाहीत ना, हे तपासा. माझ्या पहिल्याच तुकडीत, तिसरीचा कणही नसलेल्या कोऱ्या नमुन्यात १४९ वस्तुमानाच्या आयनाचे शिखर, म्हणजे थॅलेटची खूण, ठळक उमटले होते. दोष निघाला विनाइलच्या हातमोज्यांचा. तेव्हापासून मी काचेची भांडी ४५० अंश सेल्सिअसवर भाजतो (मोजमापाचे फ्लास्क मात्र नव्हेत, त्यांचे माप बिघडते), मांस ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतो आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना निष्कर्षणापासून (नमुन्यातून रसायन द्रावकाने वेगळे काढण्यापासून) अखेरपर्यंत नेतो. तिसऱ्यांऐवजी माणसाची लघवी तपासत असाल, तर मात्र मूळ थॅलेटऐवजी ते शरीरात मोडून तयार होणारे मोनोएस्टर मोजा, कारण मूळ संयुग बाटलीच्या झाकणातूनही मिसळू शकते.