रक्तात फिरणारी ‘माती’ आणि पीएसएचा गोंधळ

पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचे, प्रश्न नेहमीचेच. पण ‘रक्तातले फायब्रोब्लास्ट’ हा शब्द या महिन्यात तीन पत्रांत आला, म्हणून आज त्यावर जरा जास्त.

प्रश्न : लघवीच्या इन्फेक्शनमध्ये बाबांचा पीएसए 9 आला. कॅन्सरच समजायचा का? (डिचोली)

नाही, इन्फेक्शनमध्ये तो वाढतो. बरे वाटल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही रिपोर्ट युरॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न : वर्षभर फिनास्टेराइड (वाढलेली प्रोस्टेट आकसवणारी गोळी) घेतो. पीएसए 3 आहे. नॉर्मल ना? (फोंडा)

या गोळीने पीएसए साधारण निम्मा होतो. तुमचे 3 म्हणजे 6 धरा. गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मी 58 वर्षांचा. लॅबचा माणूस म्हणतो, रक्तातले फायब्रोब्लास्ट तपासले की बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणे) नको. करू का? (मडगाव)

नको. त्या माणसाने अर्धेच वाचलेय, आणि तेच विकतोय.

फायब्रोब्लास्ट म्हणजे जखम सांधणाऱ्या पेशी. कॅन्सरची गाठ त्यांना आपल्या कामाला जुंपते. मग त्या तंतू विणतात, गाठीला वाढीचे संदेश पुरवतात. कुळागरात माडाचे रोप हलवताना मुळाशी मातीचा गोळा ठेवतो ना, तसे कॅन्सरच्या काही पेशी या फायब्रोब्लास्टना सोबत घेऊन रक्तात उतरत असाव्यात, असा कयास आहे. नव्या जागी रुजायला ओळखीची माती! 2013 मध्ये प्रोस्टेट कॅन्सर शरीरात पसरलेल्या पुरुषांच्या रक्तात फायब्रोब्लास्टसारख्या पेशी सापडल्या. 2015 च्या स्तनाच्या कॅन्सरच्या अभ्यासात आजार पसरलेल्या 34 पैकी 30 जणींत त्या दिसल्या, न पसरलेल्या 13 पैकी फक्त 3 जणींत.

हे आकडे नीट वाचा. पेशी दिसतात त्या मुख्यतः आजार पसरल्यावर. तुम्हाला तो पसरण्याआधी पकडायचाय. मग ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट फ्रेम करून भिंतीवर लावणार का? शिवाय या पेशी मोजक्या. एफएपी आणि अल्फा-एसएमए या प्रथिनांच्या खुणा हव्यात, पांढऱ्या पेशींची सीडी45 ही खूण नको, तेव्हा कुठे ओळख पटते. संशोधन म्हणून मला त्याचे मोठे कौतुक आहे. पण त्यावर आज कुणाचे उपचार ठरत नाहीत. भावाला आजार असल्याने तुमची जोखीम जास्त. पीएसए करा, युरॉलॉजिस्टना भेटा; गरज पडल्यास एमआरआय आणि बायोप्सी तेच सुचवतील.

प्रश्न : सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. (पेडणे)

कोण म्हणतात? प्रोस्टेटच्या बायोप्सीत असे होणे अत्यंत दुर्मिळ. रक्तस्राव आणि इन्फेक्शन हे खरे धोके, त्यांबद्दल विचारा. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधीच कळवा, मनाने बंद करू नका.

प्रश्न : काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. कंबर दुखते, दोन दिवस पायांत जोर नाही. चवथ झाल्यावर बांबोळीच्या हॉस्पिटलात नेले तर चालेल? (साखळी)

नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. हे वाचताय तेव्हाच गाडी काढा.