"पुन्हा पडली तर?"

"पुन्हा पडली तर? म्हणून आईला आम्ही उठूच देत नाही. सगळं हातात देतो," मुलगा सांगत होता. आई पंचाहत्तरीच्या. आठ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं. हाड केव्हाच जुळलं, पण काकू उंबऱ्याबाहेर पडेनात. झोप नाही, आणि "आता माझे किती दिवस राहिलेत" हा एकच धोशा.

मी घरी गेले. पलंगापासून संडासापर्यंत भिंतीवर हाताचा मळकट पट्टा उमटला होता. तो पाहून पोटात कालवलं.

"काकू, पाणी किती पिता?"

"पाचनंतर घोटसुद्धा नाही. रात्री उठावं लागतं ना."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ही भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पासष्टीपुढच्या दर 100 जणांपैकी 28 ते 35 जण वर्षातून एकदा तरी पडतात. पण बसवून ठेवल्याने धोका वाढतोच. तोल सावरतात ते मांड्यांचे स्नायू, आणि वापरले नाहीत तर म्हातारपणी ते भराभर झडतात. त्यात पाणी कमी पडलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी.

काकूंना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी रक्तदाब आडवं असताना मोजला आणि उभं केल्यावर पुन्हा मोजला. उभ्याने वरचा आकडा 20 हून जास्त उतरत होता. त्यांनी बीपीची गोळी बदलली. (हे डॉक्टरांनीच करायचं, आपण परस्पर नाही.) मग फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिले: ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं. पहिल्या दिवशी काकू जेमतेम तीनदा उठल्या. संडासात धरायला दांडी बसली, रात्रीचा दिवा आला.

मुलाशी बोलणं मात्र अवघड गेलं. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "त्या दिवशी आईने हाक मारली होती. मी फोनवर होतो, 'आलो' म्हणालो आणि गेलोच नाही." आठ महिने हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आईंना सांगा. त्याने सांगितलं. "अरे, मी टॉवेल मागत होते," काकू म्हणाल्या.

आता त्या रोज जिना उतरून कोपऱ्यावरच्या देवळात जातात. पहिले पंधरा दिवस मुलगा चार पावलं मागे असायचा. कठडा अजून घट्ट धरतात. तो सोडा असं मी कधी म्हणत नाही.